उष्णतेचा माग आणि थंड तार

वैशाखातली पौर्णिमा वनखात्याने प्राणीगणनेसाठी विचारपूर्वक निवडली होती. त्या दिवसांत भंडारा आणि गोंदियाच्या जंगलातल्या बोड्या तळाला जातात, नाल्यांत नुसती वाळू उरते, आणि ज्या चार-दोन पाणवठ्यांत ओल टिकून असते तिथे प्रत्येक जनावराला दिवसरात्रीतून एकदा तरी यावेच लागते. चांदणे इतके स्वच्छ असते की पाण्यावर वाकलेले अस्वल आणि रानडुक्कर यांतला फरक मचाणावरून कळतो. मग माणसे मचाणावर चोवीस तास बसत आणि कागदावर लिहीत: वेळ, जनावर, नर की मादी, कोणत्या बाजूने आले, कोणत्या बाजूने गेले. मोजणी म्हणून ही पद्धत कच्चीच होती. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजले जाई, आणि एखादा लाजरा बिबट्या माणसाचा वास लागला की रात्रभर तहानलेला राहून कुठल्याच कागदावर येत नसे. म्हणूनच आता तिला कोणी गणना म्हणत नाही. ‘निसर्गानुभव’ या नावाने ती चालू आहे. पण तिच्या मुळाशी असलेली समज कच्ची नव्हती. जनावराच्या मागे धावायचे नाही, ते कुठे येणार हे आधी ओळखायचे. नागझिरा, कोका आणि पवनीच्या जंगलांत गेल्या शतकभरात हलत्या जनावराचा माग काढण्याची जी जी साधने आली, त्यांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. जे साधन फक्त खूण पाहते ते फसवता येते. जे वाट लक्षात ठेवते ते सहजी फसत नाही. अंधारात उष्णता पाहणारे अवरक्त किरणांचे यंत्रही या नियमाला अपवाद नाही.

माग काढणे हा या भागातला जुना कसबी धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी मध्य प्रांतातली जंगले शिकारीच्या ब्लॉकांत वाटलेली असत. परवाना घेऊन आलेला साहेब असो की जमीनदार, त्याच्या बंदुकीचे यश गावातल्या वाटाड्यावर अवलंबून असे. या वाटाड्याचे काम पाऊल ओळखण्यापुरते नव्हते. ओल्या मातीतला ठसा कोणीही ओळखेल. पण वाघ मुरमाड टेकाडावर किंवा खडकावर चढला की ठसा संपतो, आणि कसब तिथून पुढे लागते. कसलेला माणूस त्या खडकावर वाकून वेळ घालवत नाही. वाघ या दिशेने निघाला, ऊन चढत आहे, पोट भरलेले आहे, म्हणजे तो सावलीच्या नाल्यात उतरेल, असा हिशेब करून तो सरळ पुढच्या नाल्याच्या वाळूवर जातो आणि तिथे ठसा शोधतो. सापडला तर मधला सगळा खडक आपोआप वाचून होतो. वानराचा खकार, भेकराचे भुंकणे, एकाएकी गप्प झालेली मोरांची जागा, हे सगळे त्या हिशेबाला जोड म्हणून असते. अडथळा आणण्याची कलाही तितकीच जुनी आहे. वाऱ्याची दिशा धरून बसणे, मचाणाला पालापाचोळा बांधून माणसाचा आकार मोडणे, हाका घालून जनावराला नको त्या वाटेने काढणे, हे सारे समोरच्याच्या ज्ञानेंद्रियांना फसवण्याचेच प्रकार. पुढे जीप आणि बत्ती आली तेव्हा हा तोल बिघडला. अंधारात चमकणाऱ्या डोळ्यांवर नेम धरायला माग लागत नाही, वाट माहीत असावी लागत नाही. बत्तीच्या शिकारीने जंगल ओसाड केले ते याच कारणाने: तिने ज्ञानाची अट काढून टाकली. नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, पण जनावरांच्या वाटांनी ती सीमा कधी मानली नाही.

अवरक्त किरणांचा शोध खूप आधीचा. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथला पारा सर्वांत वर चढला. जंगलात मात्र कॅमेरा आधी आला आणि उष्णता नंतर. १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातला वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन वाटेवर तार ताणून ठेवी. वाघाचा पाय लागला की त्याचा फोटो वाघ स्वतःच काढी. आजच्या ट्रॅप कॅमेऱ्यात तारेच्या जागी उष्णता ओळखणारा स्फटिक असतो. तो दोन भागांत विभागलेला असतो. एका भागावर पडणारी उष्णता दुसऱ्यापेक्षा एकदम वेगळी झाली, म्हणजे समोरून काही गरम सरकले, की कॅमेरा चालू होतो. फोटो काढताना जो प्रकाश पडतो तोही अवरक्तच, पण त्याचे काम वेगळे. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा टिपका रात्री मंद लाल दिसतो, ९४० चा माणसाला दिसत नाही. हा फरक चोरट्या शिकाऱ्याच्या दृष्टीने मोठा आहे, कारण पांढरा फ्लॅश उडणारा जुना कॅमेरा आपली जागा स्वतःच सांगत असे.

हा स्फटिक उष्णता मोजत नाही, फरक मोजतो. त्याची खरी मर्यादा इथे आहे, आणि भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात ती उघडी पडते. मे महिन्यात दुपारी हवा पंचेचाळीस अंशांना टेकते, खडक आणि वाळलेली पाने त्याहूनही तापतात. अंगात अडतीस अंशांच्या आसपास उष्णता असलेला वाघ मग आजूबाजूपेक्षा गरम राहत नाही. सावलीतून उन्हात येताना एका क्षणी तो पार्श्वभूमीत मिसळून जातो. त्याच वेळी उन्हात तापलेली सागाची मोठी पाने वाऱ्याने हलली की कॅमेरा उगाचच फोटो काढत सुटतो. रात्री चित्र उलटते: जमीन निवते, तलावाचे पाणी मात्र दिवसभराची ऊब धरून ठेवते आणि उष्णतेच्या पडद्यावर काठापेक्षा उजळ दिसते. या जिल्ह्यात जुन्या मालगुजारी तलावांची कमी नाही, त्यामुळे अशी उजळ पाण्याची चकाकी प्रत्येक चौकटीत कुठे ना कुठे असते. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो आले; त्यांत वाघाचे ७६,६५१. म्हणजे साडेचारशे फोटोंमागे वाघ एक. बाकी चितळे, गुरे, माणसे, आणि हललेली पाने. इथे कोणी मुद्दाम अडथळा आणला नव्हता. नुसत्या उन्हाने आणि वाऱ्याने एवढा गोंधळ केला.

मुद्दाम आणलेल्या अडथळ्याचा अभ्यास आधी युद्धाने केला. उष्णतेचा माग काढणारे क्षेपणास्त्र पहिल्यांदा लढाईत वापरले गेले ते २४ सप्टेंबर १९५८ ला, तैवानच्या सामुद्रधुनीवर. त्याचा डोळा साधा होता: समोर जे सर्वांत गरम, तिकडे वळायचे. विमान सूर्याच्या रेषेत गेले की तो सूर्याकडे पाही. यावर तोड म्हणून विमानातून जळते गोळे सोडायची युक्ती निघाली. मॅग्नेशियम आणि टेफ्लॉनचे मिश्रण पेटले की ते इंजिनापेक्षा प्रखर तापते आणि साधा डोळा त्याच्यामागे जातो. कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला आपले एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले. त्यावर हे गोळे सोडण्याची सोय नव्हती. याच्या पुढची पायरी म्हणजे एका ठिपक्याऐवजी संपूर्ण उष्णचित्र पाहणारा डोळा. तो गोळ्याला फसत नाही, याचे कारण त्याची नजर तीक्ष्ण असते एवढेच नाही. विमान गेल्या क्षणी कुठे होते, कोणत्या वेगाने जात होते, पुढच्या क्षणी कुठे असायला हवे, हा हिशेब तो चालू ठेवतो. गोळा विमानापासून सुटतो, मागे पडतो, खाली कोसळतो. विमान असे वागत नाही. म्हणून जे जास्त चमकते ते सोडून जे वाटेवर आहे ते तो धरून राहतो. खडकावर ठसा हरवल्यावर पुढच्या नाल्यात जाणाऱ्या वाटाड्याचीच ही रीत. आणि या डोळ्यालाही उन्हाचा तोच जाच आहे. आपल्या ‘नाग’ या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या राजस्थानातल्या चाचण्यांत, २०१२ च्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात तापलेली वाळू आणि रणगाडा यांच्या तापमानात फरकच उरत नसे, आणि लक्ष्य दुरून ओळखू येईना. पुढे डोळा बदलावा लागला. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, शेकडो घरांची पोटे तिथल्या स्फोटकांच्या आणि प्रणोदकांच्या कामावर चालतात. त्यामुळे युद्धाची ही भाषा या जिल्ह्याला परकी नाही. जंगलाला तिचा धडा लागू पडतो हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

जंगलातला अडथळा युद्धातल्यापेक्षा उलटा असतो. वैमानिक खोटी खूण जास्तीची टाकतो. वाघ मारणारा खरी खूण पुसतो. नागझिऱ्यात जन्मलेल्या दोन बछड्यांना ‘शोले’वरून जय आणि वीरू ही नावे पडली. त्यातला जय २०१३ मध्ये नागझिरा सोडून निघाला आणि महामार्ग, शेते, गावे, वैनगंगेचे खोरे ओलांडत शंभराहून जास्त किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात स्थिरावला. या अभयारण्याचा एक भाग भंडाऱ्याच्या पवनी तालुक्यात येतो. जयला रेडिओ कॉलर घातली होती. एप्रिल २०१६ नंतर तिचे संदेश थांबले. लोकांना ही बातमी कळली तेव्हा पावसाळा लागला होता. पहिल्या पावसाने माती धुऊन काढली होती आणि ठसा शोधायचा दिवस निघून गेला होता. जयचे काय झाले हे आजवर सिद्ध झालेले नाही. वर्षभराने, एप्रिल २०१७ मध्ये, त्याचा बछडा मानला जाणारा श्रीनिवास नावाचा वाघ शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात शेताच्या विजेच्या तारेला लागून मेला. त्याला पुरून टाकले होते, आणि गळ्यातली कॉलर वेगळीकडे सापडली. ही कॉलर उपग्रहाशी बोलत होती, हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. यंत्र बिघडले नव्हते. वाघाच्या अंगावरून काढून यंत्राला वाटेवरून बाजूला केले होते, आणि जो पडद्यावर फक्त ठिपका पाहत होता त्याला ठिपका थांबला एवढेच कळले. वाघ थांबला की कॉलर, हे ठिपका सांगू शकत नाही. ते सांगणारा माणूस हवा, ज्याला या वाघाचा नाला, याची गाय मारायची बाजू, याचे सोबतीचे दिवस माहीत असतात आणि जो म्हणेल की एप्रिलमध्ये हा इतके दिवस एका जागी बसणार नाही.

आता ती तार जवळून पाहू. पवनी, लाखांदूर, साकोलीकडे धानाच्या बांध्या जंगलाला खेटून आहेत. निसवणीला आलेले धान एका रात्रीत रानडुकरांचा कळप लोळवून टाकतो, आणि वर्षाची कमाई चिखलात जाते. शेतकरी मग बांधाच्या कडेने खुंट्या ठोकतो, त्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर साधी बांधणीची तार ओढतो, आणि दिवेलागणीनंतर वरून जाणाऱ्या वाहिनीवर आकडा टाकतो. पहाटे आकडा निघतो, तार गुंडाळली जाते, खुंट्या तेवढ्या राहतात. जोवर काही तिला लागत नाही तोवर या तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. प्रवाह नाही म्हणून ती तापत नाही. रात्रीच्या हवेएवढीच थंड असलेली ही तार उष्णता पाहणाऱ्या कोणत्याही कॅमेऱ्याला, कितीही महागाच्या ड्रोनला, शेजारच्या गवताच्या काडीहून वेगळी दिसत नाही. डुक्कर दिसेल. डुकरामागे आलेला वाघ दिसेल. दोघांचे शरीर पडद्यावर पांढरे लखलखेल. त्या दोघांना मारणारी वस्तू मात्र तिथे नसल्यासारखीच असेल. विदर्भात वाघांच्या अपमृत्यूंत विजेच्या तारेचा वाटा फार मोठा आहे. फासा लावणारी टोळी आणि धान राखणारा शेतकरी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पण खूण पुसण्याच्या बाबतीत दोघांचे वागणे सारखेच होते, कारण वाघ मेल्यावर दोघांनाही सारखीच भीती वाटते. ही तार सापडते ती दोन ठिकाणी: दिवसा बांधावरून चालणाऱ्याला खुंट्यांच्या रांगेत, आणि रात्री वीज उपकेंद्रात, जिथे एखादी जंगलकाठची वाहिनी कारण नसताना ट्रिप होते. दोन्हींना उष्णतेच्या डोळ्याची गरज नाही. दोन्हींना गरज आहे ती रोजची वाट माहीत असलेल्या माणसाची, ज्याला काल इथे खुंट्या नव्हत्या हे आठवते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: माणसाच्या आठवणीवर एवढा विश्वास टाकायचा तर तिने काय केले हेही पाहा. १९६६ मध्ये ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली, १९७२ मध्ये तिने देशात १,८२७ वाघ मोजले, आणि पुढची तीस वर्षे प्रत्येक वनरक्षक काचेवर ठसा उतरवून हा अमुक वाघ म्हणत राहिला. मग २००५ मध्ये उघड झाले की राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरलेला नव्हता, आणि कागदावर मात्र ते होते. त्याच धक्क्याने २००६ पासून कॅमेऱ्याची पद्धत आली. तिच्यामागे कर्नाटकात उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात केलेले काम होते: पट्टे बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात, एकदा दिसलेला वाघ पुन्हा किती वेळा दिसतो यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. नव्या पद्धतीने पहिल्यांदा आकडा दिला तो १,४११. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. सरिस्क्यात वाटाड्याची आठवण हरली नाही. तिथे ठसा हीच एकमेव खूण मानली गेली आणि त्या खुणेला दुसऱ्या कशाशी ताडून पाहिलेच नाही. साहेबाला आवडेल तो आकडा खाली लिहिला गेला. यंत्राबाबत आज तीच चूक होऊ शकते. एकाच डोळ्यावर विसंबले, मग तो माणसाचा असो की स्फटिकाचा, की त्याला फसवायची रीत शोधायला फार दिवस लागत नाहीत. कारंतांच्या पद्धतीतली ताकदही फोटोत नाही, पुन्हा पुन्हा दिसण्याच्या हिशेबात आहे.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. यंत्रे स्वस्त होत आहेत, ड्रोन रात्रभर फिरू शकेल, मग माणसाला अंधारात का पाठवायचे? याचे निम्मे उत्तर झाडांकडे आहे. उष्णतेचे किरण पानातून पलीकडे जात नाहीत; पाऊसकाळात बांबूच्या बेटावरून उडणाऱ्या ड्रोनला दिसते ते बांबूचे वरचे अंग. उरलेले उत्तर मार्च-एप्रिलमध्ये मिळते. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, काही आगी हाताबाहेर जातात, आणि आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला सगळे जंगल ठिपक्यांनी भरलेले दिसते. उपग्रहाच्या अवरक्त नजरेतून आगीचे इशारे देण्याचे काम भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून करते आहे, आणि त्याने कितीतरी जंगल वाचवले. पण त्या इशाऱ्यांतला कोणता ठिपका मोहाखालचा आणि कोणता लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी लावलेला, हे ठरवायला मोह कुठे उभा आहे ते ठाऊक असावे लागते. ते ठाऊक असते टोपली घेऊन पहाटे निघणाऱ्या बाईला.

आणि ती बाईही कॅमेऱ्यात येते. कॉर्बेटच्या जंगलावरचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी बायकांचे अत्यंत खासगी क्षण टिपले, एका बाईचा फोटो पसरवला गेला, आणि चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. नोंदवहीत हे ‘उपकरणाची नासधूस’ म्हणून पडते आणि शिकाऱ्याच्या खात्यात जमा होते. मुद्दाम आणलेला प्रत्येक अडथळा शत्रूचाच असतो हे युद्धात खरे असेल. जंगलात तो कधी कधी शेजाऱ्याचा असतो, आणि त्याचे कारण ऐकून घेतले नाही तर ज्याच्या आठवणीवर सारा माग उभा आहे तोच माणूस बोलायचे बंद करतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६५४ चौरस किलोमीटर, आणि ते सलग नाही. नवेगाव, नागझिरा आणि कोका या तुकड्यांमध्ये गावे, धानाच्या बांध्या, रस्ते, रेल्वे आहे. जय जसा निघाला तसे तरुण वाघ दरवर्षी या तुकड्यांतून निघतात. ते ज्या पट्ट्यातून जातात तिथे कॅमेऱ्यांची दाटी नाही, तिथे लोक राहतात.

ठसा कॅमेऱ्याशी, कॅमेरा कॉलरशी, कॉलर गुराख्याच्या सांगण्याशी आणि हे सगळे उपकेंद्रातल्या ट्रिपच्या नोंदीशी ताडून पाहायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पवनीच्या एखाद्या बीटवरचा वनरक्षक आज सकाळी मोबाइलवर गस्तीची वाट नोंदवतो, ट्रॅप कॅमेऱ्याचे कार्ड बदलतो, आणि परतताना बांधावर खुंट्यांची नवी रांग दिसली तर थांबतो. शेतकऱ्याला तो नावाने हाक मारतो, डुकरांनी किती धान खाल्ले ते विचारतो, भरपाईचा अर्ज भरला का ते विचारतो. आकड्याबद्दल तो शेवटी बोलतो.